जवसाची पैज

साळूबाईने चाळीस वर्षं जवस पेरलं आणि चाळीस वर्षांत एकदाही त्याचं फूल पाहिलं नाही. ऐकणाऱ्याला हे खोटं वाटेल, पण पाथर्डीच्या पूर्वेकडच्या गावांत असं म्हणणारी ती काही एकटी नाही. तिकडे हस्ताचा पाऊस ओसरला की जवस पेरतात आणि ते फुलतं मार्गशीर्षात. मधे दिवाळी येते. पाडवा झाला की गावातल्या अर्ध्या घरांना कुलपं लागतात, माणसं ऊसतोडीला जातात आणि चैत्राची उन्हं तापल्यावर परत येतात. तोवर जवस फुललेलं असतं, बोंडं धरून वाळलेलं असतं, मागे राहिलेल्या म्हाताऱ्यांनी ते उपटून, बडवून, पाखडून मडक्यात भरूनही ठेवलेलं असतं. पेरणाऱ्याच्या वाट्याला येते ती चटणी.

साळूबाईचं माहेर शेवगावकडे, गोदावरीच्या काळ्या रानात. पंधराव्या वर्षी लग्न होऊन निघाली तेव्हा आईने लुगड्याच्या पदराला मूठभर जवस बांधून दिलं होतं. सासरी आल्यावर तिने ते करडईच्या कडेने दोन ओळींत पेरलं, आणि महिन्याच्या आत नवऱ्याबरोबर सांगलीकडच्या एका कारखान्यावर ऊस तोडायला गेली.

त्या पहिल्या हिवाळ्यात ती कुणाशी बोलत नव्हती. राहायला पाचटाची कोपी, अंगाला कुसळं, बोटांना भेगा आणि रात्रंदिवस आईची आठवण. नवरा गोरक्षनाथ तिच्याहून पाच-सहा वर्षांनी मोठा, हसऱ्या तोंडाचा होता; पण नव्या बायकोला बोलतं कसं करायचं हे त्याला समजत नव्हतं. एका सकाळी चुलीपाशी हात शेकता शेकता तो नुसताच म्हणाला, "तुजं जवस फुललं असंल आता."

साळूबाईने मान वर केली. लग्न झाल्यापासूनचं तिचं पहिलं लांब वाक्य त्या दिवशी बाहेर पडलं. "कडंकडंनं समदं निळं निळं झालं असंल."

"निळं?" गोरक्षनाथ म्हणाला. "जवस पिवळं फुलतं."

"निळं असतं."

"अगं पिवळं. तेलाच्या पिकाला पिवळंच फूल असतं. करडई पिवळी, कारळं पिवळं, मोहरी पिवळी, सूर्यफूल पिवळं. जवसाचं तेलबी पिवळंच हाय का न्हाई?"

"तिळाचं फूल पांढरं असतं."

गोरक्षनाथाने चुलीत पाचटाची मूठ सरकवली. मग म्हणाला, "तीळ पावसाळ्यातला हाय. थंडीतल्याचं बोल."

खरं म्हणजे त्यानेही जवसाचं फूल पाहिलेलं नव्हतं. पाळण्यात होता तेव्हापासून आईबापाबरोबर त्याचे हिवाळे कारखान्यावर गेलेले. चैत्रात गावी आलं की त्याला दिसायची ती बांधावर वाळलेली करडई, काट्यांत अडकलेल्या तिच्या पिवळ्या-तांबड्या पाकळ्या. त्यावरून त्याने जवसाचा रंग ठरवून टाकला होता, आणि एकदा ठरवलेलं सोडायचा त्याचा स्वभाव नव्हता.

त्या दिवशी मोळ्या बांधता बांधता दोघं दुपारपर्यंत भांडली. संध्याकाळी पैज लागली. जो हरेल त्याने दुसऱ्याच्या कोयत्याला वर्षभर धार लावून द्यायची. साळूबाईचा संसार सुरू झाला तो त्या दिवशी, असं ती पुढे म्हणायची.

चैत्रात परत आल्यावर दोघांनी सासूला विचारलं. सासू मागे राहिली होती, जवस तिनेच काढलं होतं. तिने सुनेला एकटीला गाठून सांगितलं, "निळंच असतं गं." आणि लेकाला सांगितलं, "पिवळं, दुसरं काय." दोघांनी एकमेकांना ते सांगितलं तेव्हा म्हातारीची लबाडी उघडी पडली. विचारल्यावर ती म्हणाली, "दोघं बी खूश झालात न्हवं? मग मला कशाला छळता."

तेव्हापासून नेम ठरला. बाहेरच्या कुणाची साक्ष मानायची नाही. दोघांनी मिळून, आपल्या रानात, आपल्या डोळ्यांनी बघायचं. एक साल दोघं थांबू, गोरक्षनाथ म्हणायचा.

ते साल काही आलं नाही. टोळीत एकटं माणूस चालत नाही. मुकादम बारा कोयते म्हणतो ते लोखंडाचे नव्हेत, बारा जोड्या. नवरा-बायको मिळून एक कोयता. एक थांबलं की दुसऱ्यालाही थांबावं लागतं, आणि दोघांनी थांबायचं म्हणजे घरात काय शिजवायचं. कधी घरावर पत्रे टाकायचे होते, कधी सासूचं दुखणं, कधी लेकाचं, हनुमंताचं लग्न. दरवर्षी दिवाळीच्या आधी साळूबाई दोन ओळी पेरायची, आणि दरवर्षी मार्गशीर्षात कुठल्या तरी उसाच्या फडात दोघांपैकी कुणीतरी बोटांवर दिवस मोजायचं.

"आज पन्नास दिस झालं. आज उमललं असंल."

"पिवळंधमक," गोरक्षनाथ म्हणायचा.

"डोळं तपासा," साळूबाई म्हणायची.

पोरगा हनुमंत कोपीत लहानाचा मोठा झाला तो हे ऐकत. शेजारच्या कोपीतली माणसंसुद्धा विचारायची, काय मग, यंदा कोणता रंग.

दोन वर्षांपूर्वी श्रावणात गोरक्षनाथ गेला. सकाळी चहा पिऊन ओट्यावर बसला होता, दुपारी नव्हता. साळूबाई त्यानंतर दोन हंगाम हनुमंत आणि सून सविता यांच्याबरोबर गेली, त्यांच्या भाकरी थापायला. मुकादम थट्टेने तिला अर्धा कोयता म्हणायचा. मार्गशीर्षात ती मनातल्या मनात दिवस मोजायची आणि तिथेच थांबायची, कारण पुढचं वाक्य ज्याने म्हणायचं तो नव्हता.

आणि त्या दोन वर्षांत एक विचित्र गोष्ट झाली. तिला स्वतःचीच खात्री वाटेनाशी झाली. तिने जवसाचं फूल शेवटचं पाहिलं त्याला पन्नास वर्षं होत आली. सकाळी आईबरोबर न्याहारी घेऊन जाताना रानभर निळं दिसलेलं आणि दुपारी परतताना तिथे काहीच नव्हतं, नुसते हिरवे देठ. कुणीतरी फुलं चोरून नेली म्हणून ती पाच-सहा वर्षांची पोर तिथेच रडत बसली होती, आणि आई हसून म्हणाली होती, जवस दुपारपर्यंतच असतं बाई. पुढच्या साली बापाने त्या रानात ऊस लावला आणि जवस बाजारातून यायला लागलं. ती एक सकाळ लख्ख आठवत होती. पण ते निळं फुलांचं होतं की आईच्या लुगड्याचं? की लहानपणी पडलेल्या स्वप्नाचं? गोरक्षनाथ इतकी वर्षं इतक्या ठामपणे पिवळं म्हणत आला होता की आता डोळे मिटले की तिला कधी कधी पिवळंही दिसायचं.

यंदा दिवाळीत तिने सांगून टाकलं, गुडघे दुखतात, मी येत नाही.

पाडव्याला सामान बांधताना हनुमंत तिच्यापाशी येऊन बसला. "आये, खरं सांग. जवसापायी थांबतीस ना?"

"गुडघं दुखत्यात."

"गुडघं मागल्या साली बी दुखत हुते." त्याने खिशातून मोबाईल काढला. "दोन मिनिटांचं काम हाय. हितं जवसाचं फूल म्हनलं की फोटू येतो. बघ अन् चल."

साळूबाईने पडद्यावर हात ठेवला. "त्ये कुनाचं जवस? मला कुनाचं बी बघायचं न्हाई."

"बरं, नको बघू." हनुमंत उठून दारात गेला. पाठमोरा उभा राहून त्याने मोबाईलवर काहीतरी केलं, बराच वेळ खाली मान घालून पाहत राहिला. मग मोबाईल खिशात घातला.

"सांगू नको मला," साळूबाई आतूनच म्हणाली.

"न्हाई सांगत."

ट्रॅक्टर गेला. गाव रिकामं झालं. साळूबाईला हिवाळ्यातलं स्वतःचं गाव अनोळखी वाटलं. कोवळी उन्हं कुठून कुठे सरकतात, कुठल्या बोरीला आधी बोरं लागतात, हे तिला माहीतच नव्हतं. सोबतीला होती ती थोरली जाऊ राहीबाई. तिला दमा, म्हणून ती कधीच तोडीला गेली नव्हती. हिवाळ्यात गाव राखायचं आणि बोलायचं, ही तिची दोन कामं.

जवस तोवर वितीएवढं झालं होतं. दोरीसारखी बारीक खोडं, सुईसारखी पानं. साळूबाईने बसून दोन्ही ओळी खुरपल्या. दाट उगवलेलं विरळ केलं, काढलेली रोपं वाया जाऊ नयेत म्हणून शेळीला घातली. मातीला भेग पडायला लागली तशी राहीबाईच्या लेकाच्या विहिरीवरून एक पाणी मागून घेतलं आणि पाटाशी उभं राहून, जास्त होऊ न देता, दिलं. जवसाला पाणी जास्त झालं की ते लोळतं, हे तिला आईने सांगितलेलं. चाळीस वर्षं पेरत होती, पण पेरण्यापलीकडे तिने त्याचं काही केलेलं नव्हतं. आता रोज सकाळी ती दवातून जायची आणि ओळींच्या मधे उकिडवी बसायची.

राहीबाई बांधावरून बघायची. "साळे, एवढं नवऱ्याला जपलं असतंस तर अजून बसला असता बिड्या वढत."

"जपलं म्हनूनच एवढा टिकला, बाई. न्हाईतर तुमचा दीर कवाच गेल्ता."

"दोन वळींचं जवस, अन् राखन जनू केसराची. आगं, मला इचार की. मी वर्साला बघते."

"तुमी तोंड मिटून बसा. तुमची साक्ष चालत न्हाई."

"सासू लबाड हुती, मी न्हाई."

"तरी चालत न्हाई."

मार्गशीर्ष लागला. शेंड्यांना फांद्या फुटल्या, फांद्यांना ज्वारीच्या दाण्याएवढ्या कळ्या आल्या. काही कळ्या नको तेवढ्या फुगीर दिसायला लागल्या. साळूबाईने एक फोडून पाहिली तर आत अळी. कळी बाहेरून हिरवीगार आणि आत पोकळ, म्हणजे ती कधीच उमलणार नाही. मग रोजचं नवं काम लागलं. एकेक फांदी हातात घेऊन अळीची कळी ओळखायची आणि खुडायची. डोळ्यांना पाणी यायचं, पण ती ते काम कुणाला देईना.

सोमवारी दुपारी हनुमंताचा फोन आला.

"आये, सवितेचा पाय मोडला. मोळी डोक्यावर घिऊन ट्रॅक्टरच्या फळीवर चढत हुती, फळी सरकली. दीड महिना प्लास्टर. मी एकटा तोडतोय, पोरीला भाकर बी मीच करतोय."

साळूबाईने फोन कानाशी घट्ट धरला. "लई दुखतंय का तिला?"

"दुखतंय की. तू ये. टेम्पोवाला कल्यान गुरवारी निघतोय, टोळीचं पीठ घिऊन. पर तवर थांबू नको. उद्याच्या यष्टीनं ये."

समोर रानात कळ्या माना वाकवून उभ्या होत्या. आज नाही, उद्या नाही, पण दोन-तीन दिवसांत.

"गुरवारीच येते," ती म्हणाली.

मग हनुमंत म्हणाला, "फुललं न्हाई का अजून?"

"न्हाई."

"बरं. गुरवारी ये मग."

तो चिडला असता तर तिला बरं वाटलं असतं. त्या रात्री जेवण गेलं नाही. सून लंगडी पडली आहे, नात शिळ्या भाकरी खाते आहे आणि आपण इथे एका फुलासाठी बसलो आहोत, हे कुणाला सांगण्यासारखं नव्हतं. राहीबाईला सांगितलं तर तिच्या तोंडालाही या वेळी टोमणा आला नाही. ती एवढंच म्हणाली, "गेलीस तर फूल सापडायचं न्हाई, अन् न्हाई गेलीस तर घास उतरायचा न्हाई. काय करावं मानसानं."

मंगळवारी आभाळ भरून आलं. जवसाला उमलायला ऊन लागतं. ढगात ते तोंड मिटून बसतं. साळूबाई तीनदा रानात जाऊन आली. बुधवारीही तसंच. गार वारा आणि राखेसारखं आभाळ. संध्याकाळी तिने गाठोडं बांधलं. बांधता बांधता सवितेसाठी डिंकाची पुडी ठेवली, नातीसाठी बोरं ठेवली, आणि पुन्हा एकदा रानात गेली. राहीबाई धापा टाकत मागोमाग आली.

दोन-चार कळ्यांच्या टोकाला पाकळ्यांचा बारीक पीळ बाहेर आलेला होता. पण दिवस मावळला होता, आणि त्या उजेडात सगळंच काळसर दिसत होतं.

"पाकळी बाहेर आलीया बघ," राहीबाई म्हणाली. "एक कळी उकल, घरात ने, दिव्यापाशी बघ. झालं तुजं काम. उद्या सुखानं जाशील."

साळूबाईने एका कळीखाली बोट धरलं. कळी वजनच नसल्यासारखी बोटावर टेकली.

"उकलून बघायचं असतं तर हन्माच्या मोबाईलनं काय घोडं मारलं हुतं," ती म्हणाली आणि हात मागे घेतला.

गुरुवारी ती उजाडायच्या आधीच उठली. आभाळ धुतल्यासारखं मोकळं होतं, पण रानावर धुकं बसलेलं. कल्याणचा टेम्पो साडेआठला चौकात येणार होता. साळूबाईने गाठोडं बांधावर ठेवलं, डोक्यावरून घोंगडी घेतली आणि ओळींच्या मधे बसली. कळ्या दवाने ओल्या. धुक्यापलीकडे सूर्य नुसताच पांढरा दिसत होता, त्याला ऊब नव्हती. कुठेतरी कुणाच्या तरी दारात कोंबडं ओरडत होतं. बसून बसून पायांना मुंग्या आल्या.

मग धुकं एका कडेने उचलत गेलं, उन्हाची तिरीप आधी करडईवर आली आणि तिथून जवसावर. आणि साळूबाईच्या नजरेसमोर, गुडघ्याच्या उंचीवर, एक कळी सैल झाली. पीळ सुटत गेला. पाच पाकळ्या, कांद्याच्या पापुद्र्याइतक्या पातळ.

निळ्या होत्या. धोतर धुऊन शेवटच्या पाण्यात नीळ टाकून पिळलं की वाळल्यावर त्याला जो रंग उरतो, अगदी तो. गोरक्षनाथ बाजारला जायचा ते धोतर ती तसंच धुवायची.

मग शेजारची कळी उमलली. पलीकडची. बघता बघता दहा-बारा झाली, आणि वारा आला तशी ती सगळी एका बाजूला कलून पुन्हा उभी राहिली.

"बघा," साळूबाई मोठ्याने म्हणाली, "निळं हाय."

आणि ती थांबली. चाळीस वर्षांची सवय. आपलं वाक्य झालं की समोरून येणाऱ्या वाक्यासाठी थांबायचं. आता तो म्हणेल, डोळं तपास. म्हणेल, हे जवसच न्हवं, तुझ्या आयनं दुसरंच काय तरी बांधून दिलं. म्हणेल, उन्हानं तसं दिसतंय, दुपारला पिवळं हुईल. तो हरला असता तरी त्याने कबूल केलं नसतं, याची तिला खात्री होती. काहीतरी काढलं असतं त्याने. पुढची दहा वर्षं पुरेल असं काहीतरी.

वाऱ्याने करडई वाजली. बाकी काही नाही.

ती किती वेळ बसली होती तिला समजलं नाही. चौकातून टेम्पोचा हॉर्न आला, मग दुसऱ्यांदा आला. राहीबाई बांधावरून हाका मारत होती. "साळे, ऊठ. कल्यान ऱ्हानार न्हाई." जवळ येऊन तिने जवसाकडे पाहिलं, साळूबाईकडे पाहिलं. "जिकलीस की," ती म्हणाली.

साळूबाईने घोंगडी झटकली, गाठोडं काखेत घेतलं आणि चालायला लागली. राहीबाई तिच्याबरोबर चौकापर्यंत आली. कल्याण पिठाच्या पोत्यांवर ताडपत्री ओढत होता. "मावशी, पुढं बसा. तुमच्यापायी अर्धा तास गेला," तो म्हणाला. साळूबाई पायरीवर पाय ठेवते तोच तिचा फोन वाजला.

"आये, निघालीस का?" हनुमंतच होता. मागे ट्रॅक्टरची घरघर आणि कुणाची तरी शिवी ऐकू येत होती.

"टेम्पोतच चढतीया. सवितेला म्हनावं सांच्यापतूर येते."

"बरं." मग त्याने विचारलं, "फुललं का गं?"

"फुललं."

"मग? कोन जिकलं?"

साळूबाईने एका हाताने टेम्पोचा दांडा धरला होता. थंडीने तो बर्फासारखा लागत होता.

"तुजं अण्णा," ती म्हणाली. "पिवळंच असतं."

राहीबाई तोंड उघडं टाकून तिच्याकडे बघत राहिली. फोनमधली ट्रॅक्टरची घरघर लांब गेली, हनुमंत चालत बाजूला गेला असावा. मग त्याचा आवाज आला.

"व्हय. अण्णा म्हनतच हुते की."

"म्हनतच हुते. मीच ऐकत न्हवते."

"ये लवकर," हनुमंत म्हणाला आणि फोन ठेवला.

साळूबाई पुढच्या सीटवर बसली, पदर सावरला. राहीबाईने दार लावून घेतलं आणि खिडकीच्या काठाला धरून हळू आवाजात विचारलं, "लेकराशी खोटं कशाला बोललीस गं? त्यो मोबाईलात बघंल की आज ना उद्या."

"त्यानं पाडव्यालाच बघितलंय, बाई," साळूबाई म्हणाली आणि कल्याणला चल म्हणून खूण केली.